लग्न करा, पण गादी सोडा

बॉन शहराच्या दक्षिणेला गोडेसबर्ग नावाची टेकडी आहे. वर एक उंच गोल बुरूज उरलाय आणि भोवती पडक्या भिंती. १७ डिसेंबर १५८३ रोजी बव्हेरियाच्या फौजेने या किल्ल्याखाली भुयार खणून त्यात सुमारे १५०० पौंड दारू ठासली आणि बत्ती दिली. किल्ल्याचा मोठा भाग आकाशात गेला. पण ढिगारा असा काही पडला की त्यावरून आत शिरणं अवघड, आणि आतले लोक वाकायला तयार नाहीत. शेवटी काही सैनिक संडासाच्या भोकातून वर चढले आणि किल्ला पडला. फ्रान्स होगेनबर्ग या चित्रकाराने त्या स्फोटाचं चित्र कोरून छापलं, म्हणून आपल्याला तो धूर आणि हवेत उडालेले दगड आजही बघता येतात. (संडासाचं चित्र कोणी काढलेलं नाही.)

ही लढाई कोलोनच्या युद्धातली. त्या युद्धाची गोष्ट साधारण एका वाक्यात सांगितली जाते: एका ननने आर्चबिशपशी लग्न केलं आणि पाच वर्षं ऱ्हाइनकाठ पेटला. मीही ती आधी अशीच ऐकली होती. वाक्य चटकदार आहे, पण त्यातली बाई नन नव्हती आणि तिचं लग्न बेकायदा नव्हतं. आर्चबिशपालासुद्धा लग्नाची वाट मोकळी होती, फक्त तिची एक किंमत होती. मग तोफा कशासाठी डागल्या गेल्या, हे कळायला त्या काळच्या जर्मनीचे दोन-तीन नियम समजून घ्यावे लागतात. ते किचकट आहेत, पण समजले की सगळं प्रकरण उलगडतं.

आधी बाई कोण ते पाहू.

आग्नेस फॉन मान्सफेल्ड-आइसलेबेन १५५१ साली जन्मली, मध्य जर्मनीतल्या मान्सफेल्डच्या काउंट घराण्यात. हा तांब्याच्या खाणींचा मुलूख. मार्टिन ल्यूथर इथल्याच आइसलेबेन गावात १४८३ मध्ये जन्मला आणि १५४६ मध्ये तिथेच वारला. त्या शेवटच्या हिवाळ्यात, आजारी असताना, तो गावी आला होता तो या काउंट मंडळींची भाऊबंदकी मिटवायला. समझोता झाला, पण ती कायमची काही मिटली नाही. जहागिरीचे वाटे पडत गेले, कर्ज वाढत गेलं आणि १५७० मध्ये वरच्या सत्ताधीशांनी जहागिरीचा कारभार जप्तीखाली आणला. आग्नेस तेव्हा एकोणीस वर्षांची होती. कुळ मोठं, तिजोरी रिकामी. अशा घरातल्या मुलीला तोलामोलाचं स्थळ मिळायचं तर हुंडा हवा, आणि हुंड्याला पैसा नाही.

यावर जर्मन सरदार घराण्यांकडे शतकानुशतकांचा एक तोडगा होता. त्याचं नाव श्टिफ्ट.

श्टिफ्टला मराठीत 'मठ' म्हणून आपण मोकळे होतो आणि तिथेच घोटाळा होतो. मठातली नन तीन व्रतं घेते: गरिबी, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. तीही जन्मभरासाठी. त्यातून बाहेर पडायचं म्हणजे पळूनच जायला हवं. ल्यूथरची बायको काटारीना फॉन बोरा १५२३ मध्ये निम्बशेनच्या मठातून अशीच इतर नन्सबरोबर रातोरात पळाली होती. श्टिफ्टमधली बाई निराळी. तीही रोज चर्चमध्ये ठरलेल्या वेळी प्रार्थना आणि स्तोत्रं म्हणायची, पण तिने जन्मभराचं व्रत घेतलेलं नसायचं. तिची स्वतःची मालमत्ता असे, राहायला स्वतंत्र जागा असे, हाताखाली मोलकरीण असे. श्टिफ्टच्या जमिनींतून येणाऱ्या धान्याचा, वाइनचा, रोख रकमेचा तिला ठरलेला वाटा मिळे. नातेवाइकांकडे जाणं-येणं चाले. आणि चांगलं स्थळ आलं तर वाटा सोडून, निरोप घेऊन ती लग्नाला मोकळी. मठप्रमुख बाईवर बंधनं जास्त असत; बाकीच्यांवर नाही.

आपल्या शब्दांत सांगायचं तर ही संन्यासापेक्षा वतनाच्या जवळची गोष्ट. आत जायला मात्र भक्तीआधी वंशावळ दाखवावी लागे. आई-बापाकडच्या पूर्वजांपैकी इतके इतके खानदानी आहेत हे सिद्ध करा, मगच जागा.

आग्नेसला जागा मिळाली गेरेसहाइमच्या श्टिफ्टमध्ये. गेरेसहाइम आज ड्युसेलडॉर्फ शहराचा एक भाग आहे. श्टिफ्ट नवव्या शतकातलं. १२३६ मध्ये अभिषेक झालेलं त्याचं चर्च अजून उभं आहे आणि आत दहाव्या शतकातला मोठा लाकडी क्रूस आहे. आग्नेसने त्याच्यासमोर कित्येक वर्षं स्तोत्रं म्हटली असणार. विशेष म्हणजे ती ल्यूथरपंथी होती, म्हणजे प्रोटेस्टंट, आणि तरी या जुन्या कॅथलिक संस्थेत तिला अडचण आली नाही. सोळाव्या शतकातली धर्माची भांडणं आपण पुस्तकांत वाचतो तितकी रोजच्या जगण्यात काटेकोर नव्हती. घराण्यांना मुलींची सोय हवी होती, श्टिफ्टला खानदानी मुली हव्या होत्या.

आता गादीकडे येऊ.

जर्मनी तेव्हा एक देश नव्हता. पवित्र रोमन साम्राज्य नावाखाली शेकडो लहानमोठी संस्थानं होती. वर सम्राट असे, पण तो निवडून यायचा. त्याला निवडणारे फक्त सात जण, त्यांना इलेक्टर म्हणत. १३५६ च्या सुवर्ण फर्मानाने हे सातही जण ठरवून टाकले होते: माइन्झ, ट्रिअर आणि कोलोनचे तीन आर्चबिशप, आणि बोहेमियाचा राजा, पॅलॅटिनेट, सॅक्सनी, ब्रांडेनबुर्ग हे चार राजे-राजवाडे. कोलोनचा आर्चबिशप म्हणजे फक्त चर्चमध्ये आशीर्वाद देणारा माणूस नव्हे. त्याच्याकडे मुलूख होता, कर होते, फौज होती. गंमत म्हणजे खुद्द कोलोन शहर त्याच्या ताब्यात नव्हतं. १२८८ मधल्या वोरिंगेनच्या लढाईनंतर शहराने त्याला बाहेरच ठेवलं होतं, त्यामुळे त्याचा दरबार बॉनला आणि ब्र्यूलला भरे.

आता मतं मोजा. १५८० च्या सुमारास पॅलॅटिनेट, सॅक्सनी आणि ब्रांडेनबुर्ग प्रोटेस्टंट होते. तिन्ही आर्चबिशप कॅथलिक, आणि बोहेमियाचा मुकुट कॅथलिक हाब्सबुर्ग घराण्याकडे. चार विरुद्ध तीन. यातला एक आर्चबिशप जरी फिरला, तरी गणित उलटं: चार प्रोटेस्टंट, तीन कॅथलिक. पुढचा सम्राट प्रोटेस्टंट होऊ शकत होता. व्हिएन्ना, रोम, म्युनिक आणि माद्रिद, चारही ठिकाणी हे गणित तोंडपाठ होतं.

हा धोका ओळखूनच १५५५ मध्ये एक कलम घातलं गेलं होतं. त्या वर्षी आउग्सबुर्ग इथे कॅथलिक आणि ल्यूथरपंथी राजांनी तह केला. ढोबळ तत्त्व असं: ज्याचं राज्य, त्याचा धर्म. राजाने पंथ बदलला तर प्रजेने तोच पाळायचा किंवा मुलूख सोडायचा. पण बिशपांचं काय? उद्या बिशपाने पंथ बदलला, लग्न केलं, त्याला पोरं झाली, तर तो चर्चचा मुलूख घरच्या जहागिरीसारखा मुलांना देऊन मोकळा होईल. म्हणून राखीव कलम: बिशपाला पंथ बदलायचा तर खुशाल बदलावा, त्याच्या अब्रूला बाध नाही, पण गादी सोडावी लागेल आणि तिथे नवा कॅथलिक माणूस बसेल.

प्रोटेस्टंटांनी या कलमाला कधीच मान्यता दिली नव्हती. सम्राटाचा भाऊ फर्डिनांड याने ते आपल्या अधिकारात तहात घातलं. एका बाजूच्या मते तो कायदा होता, दुसरीच्या मते लादलेली अट. अठ्ठावीस वर्षं हे असंच लोंबकळत राहिलं.

लग्नासाठी गादी सोडणं कोलोनला नवीन नव्हतं, हे मला या गोष्टीतलं सगळ्यात बोलकं वाटतं. आधीचा आर्चबिशप सालेन्टिन फॉन इझेनबुर्ग याने पुरोहिताची दीक्षाच घेतलेली नव्हती. त्याचं घराणं बुडायला आलं होतं, वारस हवा होता. १५७७ मध्ये त्याने सरळ राजीनामा दिला, आरेनबर्ग घराण्यातल्या मुलीशी लग्न केलं आणि उरलेलं आयुष्य काउंट म्हणून काढलं. एकही गोळी झाडली गेली नाही. उलट पुढच्या युद्धात तो कॅथलिक बाजूने उभा राहिला.

त्याच्या जागी निवडणूक झाली. बव्हेरियाच्या राजघराण्यातला एर्न्स्ट हा तगडा उमेदवार होता, पण थोडक्या मतांनी जिंकला गेबहार्ट ट्रुखसेस फॉन वाल्डबुर्ग. स्वाबियातल्या खानदानी घरातला, तीस वर्षांचा, काका ऑटो आउग्सबुर्गचा कार्डिनल. पक्का कॅथलिक म्हणूनच निवडून आलेला.

आग्नेसची बहीण मारिया लग्न होऊन कोलोनमध्ये राहत होती. आग्नेस तिच्याकडे येई आणि १५७९ च्या सुमारास तिथेच गेबहार्टची तिच्यावर नजर पडली. लोकांना एवढं साधं कारण पुरलं नाही. स्कोटो नावाच्या इटालियन जादूगाराने आर्चबिशपाला जादूच्या आरशात तिचा चेहरा दाखवला, अशी दंतकथा पुढे पसरली. आरसा असो नसो, दोघांच्या भेटी होऊ लागल्या आणि त्याचा गवगवा झाला. एका आर्चबिशपाने एखादी बाई ठेवावी यात त्या काळी कोणाला धक्का बसत नव्हता. पण ही काउंटची मुलगी होती. तिचे भाऊ बॉनला आले आणि त्यांनी इलेक्टरला तोंडावर सांगितलं: आमच्या बहिणीची अब्रू गेली आहे, आता लग्न करा.

गेबहार्टने शब्द दिला, आणि सुरुवातीला त्याचा विचार सालेन्टिनसारखाच होता: राजीनामा द्यायचा आणि संसार थाटायचा. त्याने तसं केलं असतं तर हा लेख लिहायचं कारण उरलं नसतं. पण त्याच्याभोवतीच्या प्रोटेस्टंट मित्रांनी, त्यात काउंट आडोल्फ फॉन नॉयेनार पुढे होता, त्याला वेगळंच पटवलं. गादी का सोडायची? पंथ बदल, लग्न कर आणि इलेक्टरही राहा. राखीव कलम आपण मानतच नाही.

१५८२ च्या अखेरीस गेबहार्टने फौज आणून बॉन ताब्यात घेतलं. १९ डिसेंबरला जाहीर केलं की देवाने आपल्याला पोपशाहीच्या अंधारातून बाहेर काढलं आहे आणि कोलोनच्या मुलुखात दोन्ही पंथांना मुभा राहील. पुढच्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला बॉनमध्ये एका खाजगी घरात कॅल्विनपंथी (प्रोटेस्टंटांतलाच, पण ल्यूथरपंथाहून वेगळा पंथ) धर्मोपदेशकाने त्यांचं लग्न लावलं. मग राजवाड्यात मेजवानी झाली. नवरा पस्तिशीचा, नवरी एकतिशीची.

इथे एक क्षण थांबून दोघांचा हिशेब बघा. आग्नेसने गेरेसहाइमचा वाटा सोडला आणि लग्न केलं. श्टिफ्टच्या नियमात हे बसत होतं. तिच्याआधी कितीतरी जणींनी केलं होतं. पद सोडून लग्न करायची अट या जोडप्यात एकीनेच पाळली. दुसऱ्याने लग्नही केलं आणि पदही धरून ठेवलं.

पोप तेरावा ग्रेगरी (आदल्याच वर्षी नवं कॅलेंडर काढणारा हाच) याने वसंतात गेबहार्टला बहिष्कृत केलं. मे १५८३ मध्ये कोलोनच्या धर्मसभेने नवी निवड केली, आणि मागच्या खेपेला हरलेला एर्न्स्टच या वेळी निवडून आला. आता एका गादीवर दोन आर्चबिशप. एकाच्या मागे बव्हेरिया, पोप आणि स्पेनचा पैसा. दुसऱ्याच्या मागे? गेबहार्टला वाटलं होतं प्रोटेस्टंट राजे धावून येतील. पण सॅक्सनीचा इलेक्टर ल्यूथरपंथी, आणि त्याला कॅल्विनपंथी पोपइतकेच नकोसे. तो हलला नाही. पॅलॅटिनेटचा योहान काझिमिर फौज घेऊन आला खरा, पण पगाराला पैसे नव्हते, आणि ऑक्टोबरमध्ये भाऊ वारल्यामुळे तो घरचं राज्य सांभाळायला परत गेला. प्रोटेस्टंट एकजूट कागदावर दिसे तेवढीच होती.

मग गोडेसबर्ग. किल्ला कोसळला तेव्हा ढिगाऱ्यात त्याचा पायाचा दगड सापडला. काळा संगमरवर, वर १२१० साल आणि किल्ला बांधणाऱ्या आर्चबिशप डीट्रिखचं नाव. विजयी सेनापती फर्डिनांडने, म्हणजे एर्न्स्टच्या भावाने, तो म्युनिकला नेला. आज तो बॉनच्या संग्रहालयात आहे. पुढच्याच महिन्यात बॉनही पडलं, तेही लढून नाही. पगार थकलेल्या शिबंदीने शहर विकलं आणि त्याचा बचाव करणाऱ्या गेबहार्टच्या भावाला, कार्लला, शत्रूच्या हवाली केलं.

१५८४ मध्ये गेबहार्ट आणि आग्नेस डच प्रांतांत पळाले. तिथे स्पेनविरुद्धचं बंड चालूच होतं, त्यामुळे कोलोनचं भांडण त्या मोठ्या युद्धात मिसळून गेलं. १५८६ मध्ये स्पेनचा सेनापती अलेस्सांद्रो फार्नेझे याने नॉइस शहर घेतलं. शहर जळून खाक झालं, किल्लेदार क्लूटला फासावर दिलं. बॉन पुन्हा एकदा प्रोटेस्टंटांनी जिंकलं, पुन्हा गमावलं. शेतकऱ्यांच्या दृष्टीने कोण कुठल्या पंथाचा याला अर्थ नव्हता. दोन्ही फौजा धान्य नेत होत्या, दोन्ही गावं जाळत होत्या.

जाता जाता: हा फार्नेझे ज्याचा नोकर, तो दुसरा फिलिप १५८० पासून पोर्तुगालचाही राजा होता, म्हणजे गोव्याचासुद्धा. कुंकळ्ळीचा उठाव झाला तो जुलै १५८३ मध्ये. बॉनच्या लग्नानंतर पाच महिन्यांनी, त्याच राजाच्या राज्यात, धर्माच्या नावानेच.

१५८८ पर्यंत गेबहार्टची बाजू संपली होती. एर्न्स्ट गादीवर पक्का झाला आणि त्याच्यानंतर बव्हेरियाच्या घराण्याने कोलोनची गादी १७६१ पर्यंत सोडली नाही. पुतण्या, मग त्याचा पुतण्या. चर्चचा मुलूख एका घराण्याची मालमत्ता होऊ नये म्हणून राखीव कलम होतं ना? झालं नेमकं तेच, फक्त लग्नाविना. एर्न्स्ट एकाच वेळी फ्रायझिंग, हिल्डेसहाइम, लीएज, कोलोन आणि पुढे म्युन्स्टर एवढ्या गाद्यांवर बसला होता. ब्रह्मचर्याचं म्हणाल तर गेर्ट्रूड फॉन प्लेटेनबर्ग नावाची बाई वर्षानुवर्षं त्याच्यासोबत होती. त्यांचा मुलगा पुढे एका मठाचा प्रमुख झाला. रोमने यावरून फौज पाठवली नाही. बाई ठेवणं चालत होतं, कारण तिची पोरं वारस ठरत नव्हती. लग्नाची बायको चालत नव्हती, कारण तिची ठरली असती.

आणि तरी या युद्धाच्या जुन्या वर्णनांत आग्नेसचं सौंदर्य अगदी पहिल्या पानावर येतं. 'मान्सफेल्डची सुंदरी' हे तिचं टोपणनावच झालं. इलेक्टरला भुरळ पडली आणि देश बुडाला, हे सांगायला सोपं. चार विरुद्ध तीन हे सांगायला जरा वेळ लागतो.

हरलेला गेबहार्ट १५८९ मध्ये स्ट्रासबुर्गला गेला. तिथल्या कॅथेड्रलमध्ये तो तरुणपणापासून डीन होता आणि त्या पदाचं उत्पन्न अजून चालू होतं. म्हणजे शेवटी तोही एका धर्मसंस्थेच्या ठरलेल्या वाट्यावर जगला, गेरेसहाइममध्ये आग्नेस जगत होती तसा. तिथेही पंथांवरून बिशपाच्या गादीचं नवं भांडण पेटलं, पण त्यात त्याचा वाटा नावापुरताच उरला होता. ३१ मे १६०१ रोजी तो वारला. त्यांना मूल नव्हतं. ज्या वारसाच्या धास्तीने एवढं सगळं झालं, तो जन्मलाच नाही.

आग्नेस तेव्हा पन्नाशीची होती. श्टिफ्टमधली जागा एकदा सोडली की परत मिळत नसे, माहेरची जहागीर अजून कर्जात, सासरी नवऱ्याच्या पराभवाची आठवण. प्रोटेस्टंट राजघराण्यांच्या आश्रयाने तिने विधवेची छत्तीस वर्षं काढली. ती गेली १६३७ मध्ये, वयाच्या सुमारे शहाऐंशीव्या वर्षी. तेव्हा १६१८ मध्ये जर्मनीत पेटलेलं तीस वर्षांचं युद्ध अजून चालू होतं आणि कोलोनच्या गादीवर एर्न्स्टचा पुतण्या बसला होता.

गेरेसहाइमचं श्टिफ्ट त्यानंतरही दीडशेहून अधिक वर्षं चाललं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते बंद झालं, तोवर मोठ्या घरच्या मुली वंशावळ दाखवून तिथे येत राहिल्या. एखादीचं लग्न ठरलं की ती आपला वाटा सोडायची, सामान बांधायची आणि निघायची.